ताईच्या हळदीला आलेली मावशी

आईच्या माहेराला आमच्या घरात नाव नव्हतं. 'तिकडं' म्हणायचे. तिकडून निरोप आलाय, तिकडची माणसं, पोरी सुट्टीत तिकडं गेल्यात. निलंग्यात आम्ही तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो, दादा, म्हणजे आमचे वडील, तिथल्या शाळेत मास्तर होते आणि मास्तरांची बायको कोकणातली आहे एवढंच गल्लीला ठाऊक होतं. कोकण म्हटलं की लोकांना आंबे-फणस आणि सुपारीच्या बागा दिसायच्या, आणि आम्ही त्यांना त्या बागा खुशाल बघू द्यायचो. आईचं घर बंदरावर आहे, तिचा बाप आणि भाऊ होडीवर जातात, तिच्या आईनं जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, हे बाहेर बोलायचं नाही असं आम्हा दोघी बहिणींना कुणी शिकवलं नव्हतं. न शिकवताच आम्ही ते पाठ केलं होतं. आज या वयात नांदेडच्या फ्लॅटमध्ये बसून लिहिताना बघा, त्या गावाचं नाव कागदावर टाकायला माझा हात अजून तयार होत नाही. आता कारण वेगळं आहे. त्या गावाची माफी मागायला हवी आणि ती कशी मागायची ते मला कळत नाही.

दादांची पहिली नोकरी त्या गावात होती. शिरूर अनंतपाळजवळच्या खेड्यातला, ज्वारी-तुरीत वाढलेला पोरगा, समुद्र त्यानं चित्रातसुद्धा धड पाहिला नव्हता. तिथं आई दिसली, लग्न केलं आणि बदली घेऊन परत आले. दादांची थोरली बहीण, आमची कौसाआत्या, घरच्यांत बसली की ऐकवायची, "आमचा भाऊ मास्तर व्हाया गेला अन् मासळी घिऊन आला." सगळे हसायचे. आईही हसायची. आई त्या घरात इतकी मिसळली होती की तिची बोली बदलली, भाकरी आत्यापेक्षा मोठी आणि पातळ व्हायला लागली, शेंगदाण्याची चटणी तर तिच्यासारखी अजून कुणाला जमलेली नाही. फक्त मांडणीवरच्या मागच्या डब्यात सुकट असायची. पावसाळ्यात कधी तरी दारं-खिडक्या लावून ती तव्यावर भाजायची आणि तरी घरमालकीणबाई अंगणातून ओरडायच्या, "मास्तरीणबाई, काय जळायलंय वो तुमच्याकडं?" आई म्हणायची, "काई न्हाई, दूध उतू गेलं." सुकट तर निलंग्याच्या बाजारातही मिळायची आणि ओरडणाऱ्या घरातही कधीमधी शिजायची. पण आमच्याकडचा वास वेगळा समजला जायचा.

मे महिन्यात आम्ही तिकडं जायचो. लातूरला गाडी बदलायची, पुढं आणखी एकदा बदलायची आणि घाट उतरून गेलं की अंग चिकट व्हायला लागायचं. घर दिसायच्या आधी आवाज यायचा. समुद्राचा नव्हे, आजोबांचा. आयुष्य वाऱ्यावरून ओरडण्यात गेलेलं, त्यामुळं माणूस जमिनीवर आला तरी आवाज खाली यायचा नाही. जेवताना "मीठ दे गो" म्हणायचे तरी शेजारचं कुत्रं उठून उभं राहायचं. दामूमामा त्यांच्या उलट. दिवसभरात चार शब्द बोलायचा, जमिनीवर पाय फाकून चालायचा आणि कुठंही, अगदी भिंतीला टेकून उभ्या उभ्या, झोपायचा. शेजारी बाळी म्हातारी होती. ती कोळंबी सोलता सोलता दिसेल त्याला शिव्या द्यायची, आणि एखाद्या दिवशी शिवी दिली नाही तर पोरं घाबरून विचारायची, "बाळीआजी, बरं नाय का गो तुला?" त्या घरात सकाळी पेज आणि भाजलेला बांगडा मिळायचा, दुपारी तिखटजाळ कालवण-भात, आणि आम्ही निलंग्याच्या पोरी काटे काढत बसायचो तर सगळं घर गोल करून आमची मजा बघायचं. तिथं आम्हाला कुणाची लाज वाटायची नाही. हे मला कबूल केलंच पाहिजे. लाज परतीच्या गाडीत लातूरच्या आसपास सुरू व्हायची.

या सगळ्यांत हिरू मावशी आमची सगळ्यांत लाडकी. आईची पाठची बहीण. मूल नव्हतं, म्हणून आमच्यावर हक्क सांगायची. ठसठशीत अंगाची, बसक्या नाकाची, मेणावर रुपयाएवढं कुंकू लावणारी, मनगट झाकून वर हिरव्या बांगड्या. हसली की दोन घरांपलीकडं कळायचं. तिचा नवरा धाकूमावसा काडीसारखा बारीक होता आणि ती त्याला सगळ्यांदेखत "माझी काठी" म्हणायची. ताई पाचवीत असताना एका वादळात त्याची होडी फुटली. चौघे होते. तिघांना दर्यानं दोन-तीन दिवसांत किनाऱ्याला आणून टाकलं. धाकूमावसा आला नाही.

आता इथं तिकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दर्यानं माणूस परत दिला नाही तर तो मेला असं म्हणायचं नाही. 'अजून यायचाय' म्हणायचं. बायकोनं कुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या, हळदीकुंकवाला जायचं, ओटी भरून घ्यायची, सगळं सगळं सवाष्णीसारखं, आणि होड्या यायच्या वेळी बंदरावर उभं राहून त्याची वाट बघायची. गावात कुणी तिला वेगळं वागवायचं नाही. परक्या माणसानं काहीही बोललं तरी त्याला किंमत नाही. पण तिनं स्वतः किंवा तिच्या रक्ताच्या कुणी 'तो मेला' असं एकदा तोंडातून काढलं की संपलं. त्याला ते 'शब्द सुटला' म्हणायचे. मग त्याच दिवशी कुंकू पुसायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून सुटला तर बंदरावर उभं राहायचा तिचा हक्क तरी राहायचा, तिच्याच तोंडून सुटला तर तोही जायचा. त्यामुळं घरातली माणसं त्या बाबतीत फार जपून असायची. सरकारी कागद भरायला आलेल्या कारकुनानं आजोबांना विचारलं, "जावई मयत ना?" तर आजोबा, ज्यांचा आवाज बंदरभर जायचा, ते हळूच म्हणाले होते, "तुम्ही काय ते लिवा. आमाला विचारू नका." बाळी म्हातारीनं एवढ्या शिव्या दिल्या आयुष्यात, पण तो शब्द तिच्याही तोंडून गेला नाही.

ताईचं लग्न ठरलं ते कौसाआत्यानं ठरवलं. शिरूर अनंतपाळचं स्थळ, घरची बागायत, मुलगा पंचायत समितीत नोकरीला. आमच्यासारख्या मास्तराच्या घराला ही सोयरीक म्हणजे मोठीच होती आणि आत्या ते रोज सांगायची. आधी दोन स्थळं मोडली होती. एका घरानं तोंडावर सांगितलं होतं की आईचं मूळ कळत नाही. त्यामुळं लग्न जवळ यायला लागलं तसं आमच्या घरात सगळे दबक्या पायानं चालायला लागले. आजोबांना मोतीबिंदू होता, ते येणार नव्हते. मामाचा हंगाम होता. हिरू मावशी एकटी येणार असं कळलं. खोटं कशाला बोलू, आनंद झाला नाही असं नाही, पण मावशी गाडीतून उतरून गल्लीतून चालत येईल तेव्हा तिच्या पिशवीचा वास कसा लपवायचा हेच माझ्या डोक्यात आधी आलं. मी सतरा वर्षांची होते.

आली ती सुकी कोळंबी, नारळ आणि ताईला हिरवंगार लुगडं घेऊन. आल्या आल्या अख्ख्या मांडवाला हसवलं. आत्यासुद्धा म्हणाली, "बया, ही तर लई बोलकी हाय." मावशीनं परातभर पीठ मळलं, पापड तळले, पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीला आईनं पाच सवाष्णी बसवल्या त्यात पहिली हिरू मावशीला बसवली. या जागी मी आजवर किती वेळा येऊन थांबले असेन. आईनं तसं का केलं? निलंग्यात वीस-बावीस वर्षं काढलेली बाई, इथले सगळे नेम तिला तोंडपाठ. पण तिला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. नवरीची सख्खी मावशी, कपाळावर एवढं कुंकू, पहिला मान तिचा. आईच्या मनात हिरू मावशी खरोखरच सवाष्ण होती. इतकी वर्षं भाकरी थापून आई सगळी बदलली होती, फक्त एवढी एकच गोष्ट तिच्यात जशीच्या तशी राहिली होती.

नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. वाजंत्री होती, गलका होता, ताई पाटावर मान खाली घालून बसली होती. मावशीनं पहिल्यांदा ताईच्या गालाला हळद लावली आणि तिच्या कानात काही तरी बोलली, ताई खुदकन हसली. विहीणबाई बाजूलाच बसल्या होत्या. बाई काही वाईट नव्हत्या, हे मी आज सांगते. त्यांनी साधी चौकशी केली.

"आन् नवरीचे मावसे कुठं हायत? दिसंनात कुठं."

"दर्यात गेलेत," मावशी म्हणाली.

"दर्यात म्हंजी?"

"होडीवर. मासळीला."

"मंग लग्नाला पोचतेत का न्हाई?"

"येतील तवा येतील."

इथं थांबलं असतं. आत्या मध्येच म्हणाली, "बोटीवरच्या माणसाचं काय खरं, वर्स वर्स येत न्हाईत." पण विहीणबाईंनी आपलं सहज विचारलं, "गेलेत कवा?" आणि मावशीला खोटं बोलायची सवय नव्हती. तिला त्यात लपवण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

"कुंदी पाचवीला होती, तवा गेलेत."

कुंदी म्हणजे ताई. पाटावर बसलेली, वीस वर्षांची ताई. बायकांनी मनातल्या मनात हिशेब केला. मला अजून त्या सगळ्यांचे चेहरे आठवतात, एकीकडून दुसरीकडं कळत गेलेलं. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणायल्यात ह्या? धा वर्सं परतला न्हाई म्हंजी मालक गेला, अन् ही बाई आमच्या सुनंला हळद लावायली?" वाजंत्री बंद पडली. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला, "अगं माय माय माय!" आणि कुणी तरी जाऊन पुरुषांना बोलावून आणलं.

नवऱ्या मुलाचे मामा पुढं झाले. शांत माणूस. ते दादांना म्हणाले, "मास्तर, आमाला दुसरं काई म्हणायचं न्हाई. एक सांगा. ही बाई सवाशीण हाय का न्हाई? हाय म्हणत असाल तर तिचा मालक कुठं हाय ते सांगा. न्हाई म्हणत असाल तर पोरीच्या अंगावरची हळद धुवा, दुसरी लावू. आमी काई सोयरीक मोडाया आलो न्हाई. पर आमाला खरं कळलं पायजे."

दादा. माझे वडील शाळेत पंधरा ऑगस्टला भाषण करायचे तेव्हा लोक उभं राहून ऐकायचे. रूढी, परंपरा, स्त्रियांना मान, सगळं बोलायचे. तिकडची रीत त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती, त्यांनी त्या गावात काही वर्षं काढली होती. त्यांनी घसा खाकरला, चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, "वेणू, तुझी बहीण आहे. तूच सांग."

आईनं ताईकडं पाहिलं. ताईच्या एका गालाला हळद होती, दुसरा कोरा होता. मग तिनं मावशीकडं पाहिलं. मावशीच्या हातात वाटी होती आणि तिच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. आपली बहीण काय बोलेल याबद्दल तिला शंका घ्यायचं कारणच नव्हतं. आई काय बोलू शकते हे त्या मांडवात फक्त दादांना, ताईला आणि मला कळत होतं, आणि आमच्यापैकी कुणीही पुढं होऊन थांब म्हणालं नाही.

"न्हाई," आई म्हणाली. "सवाशीण न्हाई ती. तिचा मालक बुडून मेलाय."

बोलली तीसुद्धा निलंग्याच्या बोलीत. बहिणीशी ती कायम तिकडच्या बोलीत बोलायची, त्या दिवशी बोलली नाही.

मावशीनं वाटी खाली ठेवली. एवढंच म्हणाली, "बोललीस गो, वेणू?" त्यात राग नव्हता. आपल्याच माणसानं परक्या गावात आपल्याला ओळख दाखवली नाही, तसं काहीसं होतं. मग ती उठली आणि मागच्या हौदाकडं गेली. मी तिच्या मागं गेले. तिनं तोंड धुतलं, कपाळ पदरानं घासून घासून पुसलं, मेण निघेना तर नखानं काढलं. मग साबण मागितला. मी साबण दिला. एकेक बांगडी साबण लावून काढायला लागली. हात जाड, बांगड्या घट्ट, अंगठ्याची कातडी सोलून निघाली. मी म्हटलं, "मावशी, राहू दे ना गं." तर म्हणाली, "लग्नाच्या घरात काच फुटू नये, शैले. तुझ्या ताईला बाधायचं." सगळ्या काढून झाल्यावर रुमालात बांधून तिनं त्या पिशवीत ठेवल्या आणि विचारलं, "लातूरची गाडी कितीला?"

दुपारच्या गाडीत दादांनी तिला बसवून दिलं. थांब असं तिला कुणी म्हटलं नाही. ताईची हळद धुतली, दुसरी लागली, लग्न थाटात पार पडलं. बुंदी चांगली झाली होती. मी दोनदा वाढून घेतली, आणि खरं सांगते, मला हायसं वाटत होतं.

पुढं कित्येक वर्षं कौसाआत्या चारचौघांत आईचं कौतुक करायची, "आमच्या वहिनीनं लई येळ निभावून नेली, न्हाईतर पोरगी घरात राहिली असती." ते सुरू झालं की आई उठून आत जायची. तिकडं जाणं बंद झालं. आधी दादांच्या तब्येतीचं निमित्त, मग ताईचं बाळंतपण, मग माझं लग्न. आजोबा गेले तेव्हासुद्धा आई गेली नाही, मामानं कळवलं होतं तरी. मागच्या डब्यातली सुकट संपली ती पुन्हा भरली गेली नाही. मी मनात समजून चालले की मावशीनं तिकडं सगळं सांगितलं असणार, सगळं गाव आईच्या नावानं बोटं मोडत असणार, म्हणून आईची हिंमत होत नसणार. आईलाही तसंच वाटत होतं. आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी दामूमामाच्या नातवाचा फोन आला, हिरूआजी गेली. आई आता माझ्याकडं असते, ऐंशी ओलांडलेली, दादा जाऊन बरीच वर्षं झाली. फोन ऐकून ती म्हणाली, "मला घेऊन चल." एवढ्या लांब हे वय घेऊन कशाला, असं मी म्हणायच्या आत तिनं पिशवी भरायला घेतली होती. बाराव्याला पोचलो. बंदरावर आता सिमेंटचा धक्का आहे, बर्फाचा कारखाना आहे, इंजिनाच्या मोठ्या होड्या आहेत. मावशीचं घर मात्र तेच. ओटीवर बायका बसल्या होत्या. मावशीची थोरली जाऊ, गंगू, तिनं आईला ओळखलं आणि उठून गळ्यात पडली. मला वाटलं होतं कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही. इथं तर आईला मानानं बसवलं, चहा दिला.

गंगू बोलायला लागली. "तुझी बहीण मनानं कच्ची निघाली गो वेणू. तुझ्या मुलीच्या लग्नाला गेली ती कपाळ पुसून आली. आमी विचारलं, कोणाच्या तोंडून सुटला शब्द? तर म्हणे, माझ्याच. कंटाळले वाट बघून. सासू तर बोलायचीच बंद झाली तिच्याशी. जी बाई आपल्याच माणसाला नको म्हणते, तिला होड्या यायच्या वक्ताला बंदरावर उभी कशी करायची? तुला ठाऊक हाय ना रीत. आमी नाय राहू दिली उभी. मग ती त्या वक्ताला मागं, मासळीच्या वाळवणाकडं जाऊन बसायची. गावाकडं तोंड करून. मरेपर्यंत."

आईच्या हातातला चहा तसाच राहिला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं ती आताही उठून आत जाईल, कौसाआत्या बोलायची तेव्हा जायची तशी. ती उठली नाही. इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून तिकडची बोली आली.

"ती नाय बोलली, गंगू. मी बोलले. मुलीचं लगीन मोडत होतं, सगळ्या मांडवात मी बोलले. तिनं माझ्यावर टाकलं नाय, आपल्यावर घेतलं."

गंगूनं आईच्या पुढ्यातली बशी स्वतःकडं ओढून घेतली, आणि इतकंच म्हणाली,

"मग आता बंदरावर कोणाला उभी करू गो, वेणू?"